जुनी मोटर यॉट घेताना ब्रँडकडे किती पाहावे?

सागरवेध (धागाकर्ता)

नमस्कार.

गेली नऊ वर्षे आम्ही २६ फुटांची, एका पेट्रोल इंजिनाची बोट वापरत आहोत. आता मुले मोठी झाली, बोटीवरचे रात्रीचे मुक्काम वाढले आणि चार माणसांना त्या केबिनमध्ये पाय पसरायलाही जागा उरली नाही. म्हणून ४० ते ४५ फुटांची, दोन डिझेल इंजिनांची, पंधरा ते वीस वर्षे वापरलेली मोटर यॉट घ्यायचे नक्की केले आहे. आमचे फिरणे बहुतेक किनाऱ्याकिनाऱ्याने असते. वर्षातून एकदा मात्र सात-आठ तासांचा उघड्या समुद्रातला टप्पा येतो.

तीन महिने मी जाहिराती वाचतो आहे. प्रिन्सेस, फेअरलाइन, सनसीकर, सी रे, अझिमुत, ग्रँड बँक्स ही नावे पुन्हा पुन्हा समोर येतात आणि प्रत्येक नावाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. ज्या नावाबद्दल एक जण "डोळे झाकून घ्या" म्हणतो, त्याच नावाबद्दल दुसरा "चुकूनही त्या वाटेला जाऊ नका" असे बजावतो. इतक्या जुन्या बोटीच्या बाबतीत ब्रँड ही चाळणी म्हणून वापरावी का, आणि वापरायची झाली तर तिच्यावर कितपत भिस्त ठेवावी, हा माझा प्रश्न आहे.

ओहोटी

ब्रँडच्या आधी वेग ठरवा, म्हणजे तुमची अर्धी यादी आपोआप गळून पडेल.

तुम्ही दिलेल्या यादीत दोन वेगळ्या जातींच्या बोटी एकत्र आल्या आहेत. प्रिन्सेस, फेअरलाइन, सनसीकर, सी रे आणि अझिमुत यांच्या या आकाराच्या बोटी पाण्यावर उचलल्या जाऊन वीस-पंचवीस नॉटने पळण्यासाठी बांधलेल्या असतात. ग्रँड बँक्सच्या जुन्या बोटी मात्र पाणी कापत संथ चालण्यासाठी आहेत. अशा बोटीचा सोयीचा वेग पाण्याला टेकलेल्या लांबीवर अवलंबून असतो: त्या लांबीच्या फुटांचे वर्गमूळ काढून १.३४ ने गुणायचे. पाण्यावरची लांबी ३६ फूट असेल तर उत्तर आठ नॉटच्या आसपास येते. त्याहून जोरात पळवायला गेलात तर बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायचा प्रयत्न करत राहते आणि वेग फारसा न वाढता इंधन मात्र भराभर जळते.

डिझेल इंजिन एका लिटरमध्ये तासाला साधारण पाच अश्वशक्ती देते, हे गणितही मनाशी ठेवावे. साडेतीनशे अश्वशक्तीची दोन इंजिने पूर्ण जोरावर चालली तर तासाला १३० लिटरहून अधिक डिझेल लागते. तुमचा वर्षातला तो लांबचा टप्पा आठ तासांत करायचा की तीन तासांत, आणि त्यासाठी बाकीचे वर्षभर काय सोसायची तयारी आहे, हे घरातल्या सर्वांनी बसून ठरवायला हवे. एरवी आठ नॉटवर समाधानी असणाऱ्या माणसाने केवळ नावावर भाळून पळणारी बोट घेतली, की इंजिने वर्षानुवर्षे कमी भारावर चालत राहतात आणि ते त्यांनाही मानवत नाही.

दीपस्तंभ

ओहोटी यांच्याशी सहमत आहे. पळणाऱ्या बोटींमध्येही तळाचा आकार पाहावा. रे हंट यांनी आखलेल्या खोल व्ही आकाराच्या 'मॉपी' या बोटीने १९६० साली मायामी ते नासाऊ ही शर्यत जिंकली आणि त्याच आकारातून पुढे बर्ट्राम ३१ ही बोट आली. तिच्या तळाचा मागच्या टोकाचा उतार सुमारे २४ अंशांचा होता. उतार जितका जास्त, तितके लाटेवरचे आपटणे कमी. पण नांगरावर उभी असताना तीच बोट जास्त डुलते आणि तिला उचलायला ताकदही जास्त लागते. कौटुंबिक बोटी बांधणारे बहुतेक जण या दोहोंच्या मधली वाट धरतात.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलून दाखवत नाही. प्रिन्सेस आणि फेअरलाइन यांच्यातल्या चुरशीवर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण या दोन्ही कंपन्यांच्या अनेक बोटींचे तळ बर्नार्ड ओलेसिन्स्की या एकाच आरेखकाच्या कार्यालयातून आले आहेत.

यंत्रवेडा

मी जहाजी इंजिनांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवले आहे, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले असणार, हे लक्षात घेऊन वाचावे.

यॉट बांधणारी कंपनी इंजिन बनवत नाही. व्होल्वो पेंटाचे साडेपाच लिटरचे डी-६ किंवा कमिन्सचे क्यूएसबी हे इंजिन कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या बोटींमध्ये सापडते. जुन्या बोटीवर होणाऱ्या मोठ्या खर्चाचे मूळ बहुतेक वेळा इंजिनघरात असते. त्यामुळे 'कोणत्या ब्रँडची बोट' याआधी 'कोणते इंजिन, त्याचे सुटे भाग मिळतात का आणि आपल्या बंदरात ते उघडणारा माणूस आहे का' हे मी विचारतो.

यॉटच्या ब्रँडचा संबंध येतो तो इंजिनापर्यंत हात पोचण्याशी. दोन इंजिनांच्या मधल्या वाटेत उभे राहून सगळे छान दिसते. तुम्ही इंजिनाच्या पलीकडे, हलच्या (बोटीच्या मूळ कवचाच्या) भिंतीच्या बाजूला हात घालून पाहा. तिकडच्या इंधनाच्या फिल्टरपर्यंत, समुद्राच्या पाण्याच्या पंपापर्यंत, नळ्यांच्या क्लिपांपर्यंत बोटे पोचतात का? जिथे हात पोचत नाही, तिथली देखभाल पंधरा वर्षांत कुणीही मनापासून केलेली नसते. कागदावर ती झालेली दिसेल, पण त्या बाजूची क्लिप गंजून नळीत रुतलेली असेल.

आफ्टरकूलरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण विकणारा त्याचा विषयच काढत नाही. टर्बोतून तापून आलेली हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी थंड करण्यासाठी या खोक्यात एका बाजूने समुद्राचे पाणी आणि दुसऱ्या बाजूने हवा फिरते. मध्ये असतात फक्त पातळ नळ्या आणि रबरी सील. खाऱ्या पाण्यातल्या बोटीचा आफ्टरकूलर दर दोन वर्षांनी काढून, साफ करून, दाब देऊन तपासावा लागतो. तो तसाच राहिला की ॲल्युमिनियमच्या झाकणाच्या कडेला खडूसारखी पांढरी पूड जमते, झाकण गाभ्याला चिकटून बसते आणि एके दिवशी खारे पाणी हवेच्या बाजूला उतरून थेट इंजिनात जाते. बोट पाहायला जाल तेव्हा टॉर्च घेऊन तो सांधा नीट पाहा. पांढरी पूड दिसली तर "शेवटचा कधी उघडला होता?" एवढेच विचारा आणि पावती मागा.

समुद्रावरच्या चाचणीत इंजिने गरम झाल्यावर काही मिनिटे पूर्ण जोरावर चालवायलाच हवीत. इंजिन कंपनीने ठरवून दिलेले आरपीएम गाठले गेले पाहिजेत, तापमानाचा काटा एका जागी थांबला पाहिजे आणि धूर विरला पाहिजे. "इंजिनांना त्रास नको" म्हणून विकणारा पूर्ण जोर लावू देत नसेल, तर ती बोट मी पुढे तपासतही नाही. वंगणतेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. मात्र तेल कालच बदललेले असेल तर त्या तपासणीला काही अर्थ उरत नाही. जुने तेल किती तास चालले आहे, हे आधी विचारावे.

शिडाकडून मोटरीकडे

यंत्रवेडा यांचा प्रतिसाद जपून ठेवण्याजोगा आहे. तरीही ब्रँडची बाजू मला मांडावीशी वाटते.

इंजिन बदलता येते. हल, डेक आणि त्यांना आतून धरून ठेवणारा सांगाडा बदलता येत नाही. कंपनीची बांधणीची पद्धत बोटीच्या जन्मापासून शेवटपर्यंत तिच्यासोबत राहते. पाण्याखालचा तळ सलग फायबरचा आहे की मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम घातलेला सँडविच आहे, डेकवर जिथे जिथे बोल्ट जातो तिथला गाभा काढून भरीव केला आहे की नाही, वायरिंगवर क्रमांक टाकले आहेत की नाही, या गोष्टी कंपनीगणिक आणि त्याच कंपनीत दशकागणिकही बदलतात.

शिवाय कंपनी आज उभी आहे का, हाही प्रश्न आहे. प्रिन्सेस १९६५ पासून इंग्लंडमधल्या प्लिमथला बोटी बांधते आहे. फेअरलाइनची सुरुवात १९६३ ची; ती २०१५ च्या अखेरीस आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकांच्या हाती गेली आणि नंतर नव्या मालकांकडे सुरू झाली. सी रे ही ब्रन्सविक या अमेरिकी कंपनीकडे १९८६ पासून आहे, पण २०१८ मध्ये मोठ्या यॉट बांधणे थांबवायचा निर्णय तिने घेतला. म्हणून त्या बोटी वाईट ठरतात असे अजिबात नाही. सुटे भाग कुठून येणार, एवढाच प्रश्न त्यातून उभा राहतो. पंप, झडपा, नांगर ओढणारे यंत्र, डेकवरच्या झडपवजा खिडक्या, विजेची बटणे हे सगळे बाहेरच्या उत्पादकांचे असते आणि ते कुठूनही मिळते. अडते ते बाजूच्या वक्र काचेवर, सरकत्या दाराच्या चौकटीवर, साच्यातून काढलेल्या एखाद्या झाकणावर आणि वायरिंगच्या मूळ नकाशावर. ते कंपनीकडून किंवा त्या मॉडेलच्या मालकांच्या संघटनेकडूनच मिळते. बोट पाहण्याआधी त्या मॉडेलच्या मालकांशी बोलावे. एकाच प्रकारची तक्रार चौघांनी सांगितली, तर तपासणीत ती जागा आधी दाखवून घ्यावी.

यंत्रवेडा

हा मुद्दा मान्य आहे. ब्रँड ही चाळणी म्हणून वापरण्यापेक्षा 'कुठे पाहायचे' याचा नकाशा म्हणून वापरावी, इतकेच मी म्हणेन.

नांगरटाक्या

डेकच्या गाभ्याचा विषय निघालाच आहे, तर आमचा अनुभव लिहितो. कंपनीचे नाव लिहीत नाही. ते नावाजलेले होते आणि त्या नावामुळेच आम्ही गाफील राहिलो.

बोट चकचकीत होती. आम्ही सर्व्हेअर (बोट तपासणारा तज्ज्ञ) नेमला, पण सौदा लवकर उरकायचा म्हणून त्याला अर्धाच दिवस दिला. पहिल्या पावसाळ्यात पुढच्या केबिनच्या छताला तांबूस ओघळ दिसू लागले. दुसरा सर्व्हेअर आला. त्याच्याकडे छोटी प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी होती आणि तो गुडघ्यांवर बसून डेकवर वीतभर अंतराने ठोकत पुढे सरकत होता. टण, टण, टण असा स्वच्छ आवाज येत होता. कठड्याच्या खांबाजवळ पोचल्यावर आवाज एकदम बद्द झाला, ओल्या जमिनीवर काठी आपटावी तसा. त्याने तो खांब सोडवला आणि बोल्टच्या भोकात बारीक पेचकस घातला. वर आला तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा तपकिरी लगदा, आणि त्यामागून पाण्याची एक धार. बोल्टखालचे सीलंट कधीतरी सुटले होते आणि तिथून शिरलेल्या पाण्याने वर्षानुवर्षे आतला बाल्सा कुजवला होता. वरचा फायबरचा थर कापून, गाभा बदलून, पुन्हा थर चढवण्यात आमचा एक पूर्ण मोसम गेला.

दोष ब्रँडचा होता की आधीच्या मालकाचा, यावर आम्ही घरी पुष्कळ वाद घातला. मला आता वाटते की दोष आमच्या घाईचा होता. सर्व्हेअरला पूर्ण दिवस द्या, बोट पाण्याबाहेर काढायला लावा, आणि तो विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नसावा.

अनवट

आयपीएस असलेली बोट घ्यावी का? या वर्षांतल्या बऱ्याच बोटींत ती दिसते.

यंत्रवेडा

व्होल्वो पेंटाने आयपीएस २००५ मध्ये बाजारात आणली. यात इंजिनाखालून तळाबाहेर आलेल्या दोन पॉडवर पुढे तोंड केलेले पंखे असतात आणि सुकाणूऐवजी पॉडच वळतात. जॉयस्टिकने धक्क्याला लावणे फार सोपे जाते आणि इंधनही वाचते. पण इंजिनापासून पंख्यापर्यंत सरळ जाणाऱ्या साध्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या तुलनेत सील, गिअर आणि इलेक्ट्रॉनिक्स पुष्कळ आहेत. पॉडचे तेल ठरल्या वेळी बदलल्याची नोंद असेल आणि तेलात पाण्याचा अंश नसेल, तरच अशी बोट घ्यावी. नोंद नसेल तर शाफ्टची बोट बरी.

पाणकोंबडा

ग्रँड बँक्सचा उल्लेख झाला म्हणून लिहितो; आमच्याकडे १९८० च्या दशकातली ४२ फुटी आहे. १९७३ पर्यंत या बोटी लाकडाच्या होत आणि त्यानंतर फायबरच्या होऊ लागल्या. आमच्या बोटीत दोन फोर्ड लेमन १२० इंजिने आहेत. मूळची ती फोर्डची ट्रक आणि ट्रॅक्टरसाठीची, अगदी साधी आणि दणकट. त्यांची एक खोड मात्र माहीत असायला हवी: इंजेक्शन पंपाचे तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळे असते आणि ते दर पन्नास तासांनी बदलावे लागते. मागच्या मालकाला ही गोष्ट माहीत होती का, हे एका प्रश्नात कळते, आणि त्या उत्तरावरून त्याने बाकी बोट कशी ठेवली असेल याचाही अंदाज येतो.

या वयाच्या अशा बोटींत डेकवर स्क्रूने बसवलेल्या सागवानी पट्ट्या असतात. सागवान दिसते सुंदर, पण प्रत्येक स्क्रू म्हणजे डेकला पाडलेले एक भोक. पट्ट्यांमधले काळे सीलंट सुटले असेल, स्क्रूवरच्या लाकडी गुट्ट्या निखळल्या असतील, तर पाणी खाली गेलेच असे समजावे. आणि ते पाणी पुढे टपकते ते बहुधा लोखंडी इंधन टाक्यांवर. टाक्या वरून गंजतात, आणि त्या काढण्यासाठी इंजिन हलवावे लागते. डेक आणि टाक्या या दोन गोष्टी धड असतील तर या बोटींवर जीव जडतो. धावपळ ज्यांना नको आहे त्यांनी अवश्य पाहाव्यात.

सागरवेध (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ओहोटी यांनी सुचवल्याप्रमाणे घरी बसून बोललो. आठ तासांचा टप्पा मुलांना आणि माझ्या वृद्ध वडिलांना झेपणार नाही, म्हणून पळणारी बोट घ्यायचे ठरले. शाफ्टचीच घ्यायची, हेही ठरले.

या दोन आठवड्यांत दोन बोटी नीट पाहिल्या. दोघींचे ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की सल्ला नावाला मिळेल.

पहिली सतरा वर्षांची, यादीतल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. दोन्ही इंजिनांवर ३१० तास. इंजिनघराला नुकताच पांढरा रंग दिलेला, तेल ताजे, गाद्या नव्या. आफ्टरकूलरबद्दल विचारले तेव्हा "इतक्या कमी तासांत त्याची गरज पडत नाही" असे उत्तर मिळाले.

दुसरी सोळा वर्षांची, नाव तुलनेने कमी मिरवणारे. इंजिनांवर १,४५० तास. आतले कापड विटलेले, स्वयंपाकाच्या ओट्याची कड उडालेली. पण मालकाने एक जाडजूड फाइल काढून समोर ठेवली: प्रत्येक तेलबदल, प्रत्येक इंपेलर (पाण्याच्या पंपातले रबरी पात्यांचे चाक), आफ्टरकूलर चार वेळा काढल्याच्या पावत्या, आणि इंजिनघराच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेल्या तारखा. बायकोला पहिली आवडली आहे. मला दुसरीची ती फाइल डोळ्यांसमोरून हलत नाही.

यंत्रवेडा

सतरा वर्षांत ३१० तास म्हणजे वर्षाला अठरा. डिझेल इंजिन चालवल्याने जितके झिजते, त्याहून अधिक ते खाऱ्या पाण्यासोबत नुसते उभे राहिल्याने बिघडते: सील सुकतात, एक्झॉस्टच्या वळणातून ओलावा वर चढतो, इंपेलरची पाती एकाच जागी दबून वाकतात. वर्षाला नव्वद तास चाललेले आणि नोंदी असलेले इंजिन मला कितीतरी भरवशाचे वाटते. आफ्टरकूलरला कमी तासांमुळे सूट मिळत नाही. त्याच्यातले खारे पाणी तास मोजत नाही.

ओहोटी

दुसरीच्या कागदपत्रांत सीई वर्ग (बोट किती वाऱ्या-लाटांसाठी आखली आहे ते सांगणारा युरोपीय वर्ग) पाहून घ्या. 'ब' वर्ग म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या ब्यूफोर्ट मापावर ८ पर्यंतचा वारा आणि चार मीटरपर्यंतच्या लाटा धरून केलेली आखणी, 'क' म्हणजे ब्यूफोर्ट ६ आणि दोन मीटर. तुमच्या वार्षिक टप्प्यासाठी 'ब' हवा. वर्ग बोटीच्या क्षमतेबद्दल सांगतो, आजच्या अवस्थेबद्दल नाही, हेही लक्षात असू द्या.

नांगरटाक्या

गाद्या आणि कापड एका महिन्यात बदलता येतात. वहिनींना आमच्या डेकची हकीकत वाचून दाखवा.

सागरवेध (धागाकर्ता)

हकीकत वाचून दाखवली. त्यानंतर दुसऱ्या बोटीची पूर्ण तपासणी ठरवली आणि बायको स्वतः दिवसभर सर्व्हेअरच्या मागे वही घेऊन फिरली.

वर्ग 'ब' आहे. तळात फोड नाहीत. ओलावा मोजणाऱ्या यंत्रात डेकवर फक्त दोन खांबांभोवती वाढलेला आकडा आला आणि हातोडीचा आवाजही तिथेच किंचित बदलला. सर्व्हेअरच्या मते पाणी अजून वीतभरही पसरलेले नाही. समुद्रावर पूर्ण जोर लावला तेव्हा डावे इंजिन ठरल्या आरपीएमला पोचले आणि उजवे १५० ने कमी पडले. माझा चेहरा उतरला. पण बोट पाण्याबाहेर काढल्यावर उजव्या पंख्यावर शिंपल्यांचा जाड थर दिसला. मालकाने तिथल्या तिथे खरवडून घेतला, बोट पुन्हा पाण्यात सोडली आणि दुसऱ्या फेरीत दोन्ही काटे एका रेषेत उभे राहिले. तेलाचा अहवालही आला. तेल सत्तर तास चाललेले होते आणि त्यात खाऱ्या पाण्याची खूण सापडली नाही.

दोन खांबांची दुरुस्ती किमतीतून वजा करून सौदा झाला आहे. खांब पुढच्या आठवड्यात सोडवणार, गाभा सुकवून भोवती भरीव करणार आणि नव्या सीलंटवर बसवणार. मालकाने ती फाइल आमच्या हाती दिली, आणि इंजिनघराच्या दारावरच्या पेन्सिलीच्या तारखांखाली पुढची तारीख आता आमची असेल.